होडीचे इंजिन तापते कोठे?

बंदरावर कोणत्याही दिवशी घटकाभर उभे राहा, ‘इंजिन तापतंय’ ही तक्रार कानावर पडल्यावाचून राहायची नाही. तिच्यावरचे तोडगेही ठरलेले असतात. एकजण म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाका. दुसरा म्हणतो, हेड उतरवा. तिसरा नवा पंप आणायला सांगतो. यांपैकी एखादा इलाज कधीमधी लागू पडतो, नाही असे नाही. पण रोग कळण्याआधी औषध ठरवायचे, आणि तेही ज्या नाखव्याचे घर दोन पावसाळ्यांच्या मधल्या आठ-नऊ महिन्यांच्या कमाईवर चालते त्याच्या पैशाने, हे काही बरे नव्हे. अंगात ताप आहे एवढ्यावर वैद्य काढा देत नाही. केव्हा चढतो, केव्हा उतरतो, सगळे अंग तापते की नुसते कपाळ, हे तो आधी विचारतो. इंजिनालाही हेच प्रश्न विचारायचे असतात, आणि इंजिन त्यांची उत्तरे देते. फक्त ती घ्यायची कशी हे आपल्याला ठाऊक हवे.

आपल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ होड्यांत जी जुनी इंजिने आहेत ती मुळात मालमोटारीसाठी घडवलेली, मागाहून होडीसाठी बदललेली अशी आहेत. मोटारीत पुढे रेडिएटर असतो आणि वारा त्याला थंड करतो. होडीच्या पोटात वारा कुठला? म्हणून तेथे समुद्राचे पाणी कामाला लावतात. काही लहान आणि जुन्या इंजिनांत खारे पाणीच सरळ सिलिंडरभोवतालच्या जॅकेटमधून फिरवतात. अशी इंजिने मुद्दाम कमी तापमानावर, साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसवर चालवतात, कारण त्याच्यावर गेले की खाऱ्या पाण्यातले क्षार आतल्या लोखंडावर भराभर बसू लागतात. मोठ्या इंजिनांत दोन पाणी असतात. इंजिनात फिरणारे गोडे पाणी वेगळे आणि त्याला थंड करणारे खारे पाणी वेगळे. दोघांची गाठ पडते ती कूलरमध्ये, तीही नळीच्या भिंतीआडून. येथे गोड्या पाण्याचे तापमान ७५ ते ९० अंशांच्या दरम्यान असावे. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या पुस्तकात दिलेला असतो. पुस्तक हरवले असेल तर थर्मोस्टॅटच्या पत्र्यावर कोरलेला आकडा पाहा. पुढचे सारे विवेचन मुख्यत: या दुसऱ्या प्रकाराला धरून आहे.

आता केबिनमधल्या काट्याविषयी. काट्यावर तांडेलाचा फार विश्वास असतो, आणि सवयीने तो बसायचाच. पण हा काटा इंजिनाच्या एकाच जागेची खबर देतो, जेथे त्याचा सेंडर बसवला आहे त्या जागेची. तेवढ्या जागेत हवेचा बुडबुडा अडकला तर सेंडर पाण्याबाहेर पडतो आणि इंजिन उकळत असतानाही काटा निवांत राहतो. उलट, वायर गंजली, अर्थिंग सैल झाले, तर इंजिन थंड असूनही काटा चढतो. याची एक सोपी परीक्षा आहे. रात्रीचे दिवे लावा किंवा तळाचे पाणी उपसणारा विजेचा पंप सुरू करा. त्याबरोबर तापमानाचा काटा चटकन हलला तर दोष विजेच्या जोडणीत शोधावा. शे-दोनशे किलो पाणी-लोखंड एका क्षणात गरम किंवा थंड होत नसते.

पूर्वी मिस्त्री हाताने अदमास घेत. अनुभवी हात खोटा नसतो, पण साठ अंशांपुढे हात टेकवतच नाही आणि सत्तर-नव्वदमधला फरक त्याला सांगता येत नाही. आता लांबून तापमान मोजणारी, पिस्तुलासारखी दिसणारी थर्मामीटरे बाजारात सहज मिळतात. बंदरावर चार होड्यांत मिळून एक घेतले तरी चालेल. मात्र त्याची एक खोड ओळखून असा. चकचकीत पितळ, तांबे किंवा ॲल्युमिनियम यांवर धरले तर ते खरे तापमान दाखवत नाही, पुष्कळ कमी दाखवते. म्हणून जेथे मोजायचे तेथे रुपयाएवढा काळ्या, न चकाकणाऱ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि दर वेळी त्याच ठिपक्यावर, वीतभर अंतरावरून मोजावे. लांबून धरले की ते आजूबाजूचाही पत्रा मोजते आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही.

ठिपके कोठे द्यावेत? कूलरच्या चारही तोंडांवर द्या, म्हणजे खारे पाणी आत जाते व बाहेर येते तेथे, आणि गोडे पाणी आत जाते व बाहेर येते तेथे. थर्मोस्टॅटच्या घरावर एक. प्रत्येक सिलिंडरसमोर हेडच्या बाजूला एकेक. आणि धुराचा मॅनिफोल्ड कोरडा असेल तर प्रत्येक सिलिंडरचा धूर जेथून बाहेर पडतो त्या गळ्यावर एकेक. सहा सिलिंडरांच्या इंजिनावर हे सतराएक ठिपके होतात. होडी चांगली चालत असताना, नेहमीच्या वेगाने तासभर गेल्यावर, एकदा हे सतरा आकडे वहीत लिहून ठेवा. पुढे बिघाड झाला की जुन्या आकड्यांशी ताडून पाहता येते. निरोगी माणसाची नाडी ज्याने पाहिली नाही त्याला आजाऱ्याची नाडी काय कळणार?

पहिला प्रश्न वेळेचा. ताप कशाबरोबर चढतो? इंजिन संथ असताना ठीक आणि वेग वाढवला की चढते, तर पाणी पुरत नाही असे समजून खाऱ्या पाण्याच्या वाटेवर चालू लागावे. ही वाट होडीच्या बुडातल्या भोकापासून सुरू होते. अलीकडे तेथे सगळ्यांत जास्त उपद्रव प्लास्टिकच्या पिशव्यांचा. वेग वाढला की पंप जोराने ओढतो, पिशवी भोकावर चिकटते. वेग कमी केला की गळून पडते. बंदरात येऊन पाहावे तर सगळे साफ! मग बिचारा खलाशी खोटा ठरतो. असाच दुसरा लबाड म्हणजे जुनी रबरी नळी. बाहेरून धडधाकट दिसते, पण आतले अस्तर सुटलेले असते, आणि ओढ वाढली की ते आतल्या आत मिटते. पंप चालू असताना नळी हाताने दाबून पाहिली, तर चपटी होताना कळते. गाळणीच्या झाकणाचा रबर सैल असेल तर तेथून पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून ओल दिसत नाही आणि कोणाला संशय येत नाही. गाळणीच्या काचेत बुडबुडे धावताना दिसले, तर हाच प्रकार.

पंपातले रबरी पाकळ्यांचे चाक, ज्याला इंपेलर म्हणतात, ते पाण्यावाचून मिनिटभर फिरले तरी करपते. तोटी उघडायला विसरून इंजिन सुरू केले की झाले! इंपेलर बदलताना जुन्याच्या पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर ती सापडेपर्यंत काम पुरे झाले असे मानू नका. ती पुढे वाहत जाऊन कूलरच्या तोंडाशी अडकलेली असते. कूलरमधल्या झिंकच्या कांडीचेही तसेच. ती झिजण्यासाठीच असते, परंतु वेळेवर बदलली नाही तर तिचे तुकडे पडतात आणि तेच नळ्या अडवतात.

पाणी पुरते की नाही हे नजरेने ठरवू नये. बादली घ्यावी. बाहेर पडणारी धार पंधरा लिटरच्या बादलीत धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजावे. नऊ सेकंदांत भरली तर मिनिटाला १०० लिटर झाले. हे काम धक्क्याला बांधलेल्या होडीवर, इंजिन नेहमीच्या फेऱ्यांवर ठेवून करता येते. तापमानाची मापे मात्र समुद्रात, भार असताना घ्यायची, कारण धक्क्यावर इंजिनाला कष्टच नसतात.

या दोन मापांवरून एक छोटा हिशेब करता येतो, आणि तो करण्याजोगा आहे. शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालले की डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने साठ किलोवॉट पाण्यात जातात. मिनिटाला १०० लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे सात किलोवॉट लागतात. म्हणजे समुद्राचे पाणी २९ अंशांवर आत गेले, तर ३७-३८ वर कूलरमधून बाहेर यावे. आता बघा. बाहेर येणारे पाणी ४६ अंश दाखवीत असेल आणि बादलीही सावकाश भरत असेल, तर खारे पाणीच निम्मे झाले आहे. धार भरपूर आहे, वाढही नेहमीचीच आहे, आणि तरीही गोड्या पाण्याचे दोन्ही आकडे वर गेले आहेत, असे असेल तर उष्णता नळीच्या भिंतीतून जायला कष्ट पडत आहेत. कूलरच्या नळ्यांवर पुटे चढली आहेत. लोखंडाच्या मानाने क्षाराच्या थरातून उष्णता वीसएक पटींनी तरी सावकाश जाते, म्हणून नखाएवढ्या जाडीचे पुटही भारी पडते. तिसरी गोष्ट, गोडे पाणी कूलरमध्ये ८५ वर शिरते आणि थेट ६० वर निघते, असे दिसले तर कूलरला दोष देऊ नका. तो आपले काम चोख करतो आहे. गोडे पाणीच मंद फिरते आहे. फिरवणाऱ्या पंपाचा पट्टा सैल, त्याचे पाते खाल्लेले, किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडलेला, यांपैकी काहीतरी असणार.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि माझ्या मते जुन्या इंजिनात हाच जास्त महत्त्वाचा, कारण याकडे कोणी पाहतच नाही. समजा, हर्णै बंदरातली एक सहा सिलिंडरांची होडी आहे. काटा ८२ दाखवतो, सगळे ठीक आहे. पण ठिपक्यांवर मोजत गेलो तर पुढून पहिला सिलिंडर ८०, दुसरा ८१, तिसरा ८२, चौथा ८३, पाचवा ८८ आणि सहावा ९७! काट्याचा सेंडर पुढे आहे, त्याला मागची वार्ताच नाही. हे इंजिन तापत नाही असे तांडेल शपथेवर सांगेल, आणि एके दिवशी भर समुद्रात सहावा पिस्टन धरेल. किंवा त्याही आधी सहाव्या लायनरच्या बुडातले रबरी कडे कडक होऊन पाणी तेलात उतरेल, आणि तेल दुधाळ का झाले म्हणून सारे इंजिन खोलले जाईल.

मागचाच सिलिंडर का? होडीत इंजिन सपाट बसलेले नसते. शाफ्ट मागे उतरत पंख्याकडे जातो, त्याच्या ओळीत राहण्यासाठी इंजिनही मागे कललेले असते. म्हणून जॅकेटमध्ये जो काही गंज, गाळ, माती असेल ती वर्षानुवर्षे घरंगळत मागच्या तळच्या कोपऱ्यात जाऊन बसते. त्यात पाण्याचा पंप बहुधा पुढच्या टोकाला, म्हणजे मागच्या सिलिंडरांशी प्रवाहाचा जोरही कमी. आणि हा गाळ येतो कोठून? सरळ खाऱ्या पाण्यावर चालणारे इंजिन ओहोटीच्या वेळी दाभोळ, बाणकोट यांसारख्या खाड्यांतून काढले, तर पंप चिखल ओढणारच. पण बंद गोड्या पाण्याच्या इंजिनातही गाळ सापडतो, कारण वाटेत पाणी कमी झाले की जे हाताला लागेल ते ओतले जाते. किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरीचे, कधी तर समुद्राचेच. गंज न येऊ देणारे कूलंट घालायचे टाळले, तर लोखंड आपणहूनही गाळ तयार करते.

परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना ब्लॉकच्या मागच्या बाजूला, अगदी खाली जो पाणी सोडायचा बूच असतो तो काढा. पाणी धो धो आले पाहिजे. ठिबकले, किंवा काहीच आले नाही, तर आत चिखल बसला आहे. वाकवलेल्या तारेने तो टोकरा, मग वरून नळीने स्वच्छ पाणी सोडत राहा, आणि पाणी नितळ येईपर्यंत थांबू नका. जॅकेटच्या बाजूची झाकणे उघडता येत असतील तर फारच उत्तम. क्षार विरघळवणारी आम्ले मिळतात, परंतु ती ॲल्युमिनियमचे भाग आणि जुने सांधे खातात. जाणत्या मिस्त्रीवाचून त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मात्र एकच सिलिंडर गरम म्हणून पाण्यालाच दोष द्यावा असेही नाही. कदाचित पाणी बरोबर असेल आणि आगच जास्त होत असेल. येथे मॅनिफोल्डवरचे ठिपके उपयोगी पडतात. सहाव्याच्या धुराचा गळा इतरांइतकाच गरम असेल तर आग सारखी आहे, दोष पाण्याचा. तोही इतरांहून बराच गरम असेल तर नोझल पाहायला हवे. ते टिपकत असेल, डिझेल जास्त किंवा उशिरा सोडत असेल. आणि एखादा गळा इतरांहून बराच थंड निघाला, तर तो सिलिंडर कामचुकार आहे आणि त्याचे ओझे बाकीचे पाच वाहतात. त्यामुळे इंजिन सगळीकडून तापते आणि मूळ गुन्हेगार तेवढा थंड राहतो! दहावीस अंशांच्या फरकावरून मात्र कोणाला शिक्षा देऊ नका. कडेचे आणि मधले सिलिंडर चांगल्या इंजिनातही अगदी एकसारखे नसतात. मॅनिफोल्ड पाण्याने थंड होणारा असेल तर हे माप घेता येत नाही. मग जुनी रीत वापरावी, म्हणजे इंजिन संथ चालवून एकेका नोझलच्या पाइपाची नट किंचित सैल करून आवाज ऐकावा. जो सैल केल्यावर इंजिन दचकत नाही तो सिलिंडर काम करीत नव्हता. मात्र ही नट चिंधीने झाकून सैल करावी आणि हात, डोळे दूर ठेवावेत. त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते आणि ती जखम दिसते त्याहून पुष्कळ वाईट असते.

काटा एका जागी न थांबता खालीवर झुलत राहतो, तेव्हा गोड्या पाण्यात हवा आहे असे धरून चालावे. नुकतेच पाणी भरले असेल तर सर्वांत उंच जागचा हवा सोडायचा स्क्रू उघडून ती काढून टाकता येते. काढूनही पुन:पुन्हा येत असेल तर ती हवा नव्हे, तो सिलिंडरमधला धूर. थंड इंजिन सुरू करून टाकीचे झाकण उघडे ठेवून पाहा. पाणी गरम होण्याआधीच बुडबुडे येऊ लागले तर हेडचे गॅस्केट गेले आहे किंवा हेडला चीर आहे. हेड उतरवायचा सल्ला येथे खरा ठरतो. टाकीच्या झाकणालाही विसरू नये. अर्धा बार दाब धरणारे झाकण ठीक असेल तर पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचा रबर गेला की तेच पाणी शंभरालाच उकळून बाहेर पडते. चार पैशांचे झाकण, पण लोक आधी इंजिन खोलतात.

राहता राहिला थर्मोस्टॅट. तो काढून टाकण्याची चाल सगळ्या बंदरांवर आहे. त्याची परीक्षा घरच्या चुलीवर होते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगता ठेवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर सोडा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि त्याच्यावर दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला, तर तो निर्दोष आहे. सदोष असेल तर नवा घाला. जागा रिकामी ठेवू नका. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना कूलर चुकवणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती कायमची उघडी राहते, निम्मे पाणी कूलरला न जाताच परत फिरते, आणि भार पडला की इंजिन आधीपेक्षा जास्त तापते. जेथे असे होत नाही तेथे इंजिन सदा थंडगार राहते. ऐकायला बरे वाटते, परंतु थंड सिलिंडरात डिझेल नीट जळत नाही, न जळलेले तेलात उतरते, आणि इंधनातल्या गंधकाचे आम्ल होऊन लायनर झिजवते.

सगळे ठिपके सारखेच वर गेले असतील, पाणीही पुरेसे असेल, तर इंजिनाबाहेर पाहावे. पंख्यात दोरी किंवा जाळ्याचा तुकडा गुंतला असेल, पाते वाकले असेल, बुडावर कवचांचा थर चढला असेल. अशा वेळी इंजिन पूर्ण फेऱ्या घेत नाही आणि काळा धूर ओकते.

आणि हे सारे भर समुद्रात घडले तर? प्रथम वेग उतरवा, गियर सोडा. बाजूची धार पाहा. धार चालू असेल तर इंजिन एकदम बंद करू नका, पाचएक मिनिटे संथ चालू द्या, म्हणजे हेडमध्ये कोंडलेली उष्णता निघून जाईल. धार बंद असेल तर मात्र लगेच बंद करा. पाणी उथळ असेल तर नांगर टाका आणि जवळच्या होडीला वायरलेसवर कळवून ठेवा. इंजिन आपले आपण बरे होईल या आशेवर वारा-प्रवाहाबरोबर खडकांकडे वाहत जाऊ नका. टाकीचे झाकण हात टेकवता येईपर्यंत उघडायचे नाही, कारण आतले पाणी वाफेसह तोंडावर येते. थंड पाणी ओतून तापलेले इंजिन निववायचेही नाही. बिडाला चीर पडते. तासभर तरी वाट पाहावी लागेल. तेवढ्यात तोटी, गाळणी, नळ्या, इंपेलर या क्रमाने खारे पाणी कोठवर पोचते ते तपासून होते, आणि सोबत जास्तीचा इंपेलर व वीस लिटर गोडे पाणी असेल तर पुष्कळदा होडी आपल्याच इंजिनावर बंदराला लागते.